पेशींची खानेसुमारी

कागद एक, आकडे दोन. वरच्या ओळीत ‘मायटोसिस : दहा क्षेत्रांत 6’ आणि खालच्या ओळीत ‘की-67 : 30 टक्के’. कवठे महांकाळच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर शाळेतला एक मित्र मिरजेहून आणलेला रिपोर्ट माझ्यापुढं धरून बसला होता. गाठ त्याच्या आईच्या स्तनातली. "सहा म्हंजे कमी आणि तीस म्हंजे जादा, व्हय ना? मग एकाच गाठीत दोन्ही कसं काय?"

वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली म्हणून गावात असले कागद माझ्याकडं येतात. उपचाराचं डॉक्टरांनाच विचार, एवढं त्याला सांगितलं. पण त्याचा प्रश्न उपचाराचा नव्हताच, मोजणीचा होता. आणि तो बावळट तर अजिबात नव्हता. जगातले नामांकित पॅथॉलॉजिस्ट त्यावर अजून भांडताहेत.

मित्र द्राक्षबागायतदार. म्हैसाळ योजनेचं पाणी आल्यापासून त्याच्या माळावर बाग उभी आहे. पेशी हा शब्द त्याला नवा नाही. मणी लहान असताना सिक्स-बीए फवारायचं ते पेशींची संख्या वाढावी म्हणून, आणि जीएचं डिपिंग करायचं ते मुख्यतः फुगवणीसाठी, हे त्याला औषध दुकानदारानं कधीच शिकवलंय. संख्या वेगळी, फुगवण वेगळी. मात्र संख्या वाढली की नाही हे बागेत कुणी मोजत नाही. घड वजनाला भरला की झालं. गाठीच्या बाबतीत तसं थांबता येत नाही. पेशी किती आणि कुठल्या वेगानं दुणावताहेत, ते आधी कळायला हवं. त्यासाठी त्या दिसायला हव्यात, आणि पेशी तर मुळात पाण्यासारखी पारदर्शक.

म्हणून ही गोष्ट रंगांची आहे, आणि ती कापडाच्या रंगापासून सुरू होते. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा डांबरातून निघणाऱ्या रसायनापासून क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले, विशेषतः जर्मनीत. रंग निघाले होते रेशमासाठी, पण प्रयोगशाळेतले लोक चौकस. ज्यानं धागा रंगतो त्यानं मांस का रंगू नये?

उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राकाठी कील नावाचं बंदर आहे. 1876 साली वाल्टर फ्लेमिंग तिथल्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी सॅलॅमँडरच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या एका उभयचराच्या, पिलांचे कल्ले आणि शेपटीचे पापुद्रे घेतले. कारण साधं होतं: त्या प्राण्याची पेशीकेंद्रकं भलती मोठी. कापडाच्याच कारखान्यातल्या अॅनिलीन जातीच्या रंगांत ते पापुद्रे बुडवल्यावर केंद्रकातला एक भाग रंग अधाशासारखा पितो, असं त्यांना दिसलं. त्या भागाला त्यांनी क्रोमॅटिन म्हटलं. पेशी दुभंगण्याच्या वेळी या क्रोमॅटिनचे धागे होतात, धागे उभे चिरतात, अर्धे इकडं, अर्धे तिकडं. ग्रीकमध्ये धाग्याला ‘मितोस’ म्हणतात. त्यावरून या प्रकाराला त्यांनी मायटोसिस नाव दिलं. पुस्तक आलं 1882 साली.

फ्लेमिंग यांचं मला खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. रंगवलेली पेशी मेलेली असते. धागे खरोखर पेशीत होते, की औषधानं पेशी आकसून ते उमटले? ही शंका त्यांनी स्वतःच काढली आणि जिवंत पिलाच्या पापुद्र्यात, रंगाविना, तासन् तास डोळा लावून धागे हलताना पाहिले. मगच मेलेल्या पेशींची चित्रं त्यांनी क्रमवार लावली. रंग जे दाखवतो ते खरं आहे का, हे रंगाविना तपासायची ही शिस्त पुढच्या पिढ्यांनी कायम पाळली, असं मात्र म्हणता येणार नाही.

आमच्या कॉलेजात ही विद्या कांद्याच्या रूपानं यायची. तोंडाशी बसेल असा कांदा पाण्यानं भरलेल्या बाटलीवर ठेवायचा. तीनचार दिवसांत दाढीसारखी पांढरी मुळं. ती सकाळी कापायची, कारण त्या वेळी विभाजन जास्त सापडतं. एक भाग अॅसिटिक आम्ल, तीन भाग अल्कोहोल यात रात्रभर. दुसऱ्या दिवशी वॉचग्लासमध्ये अॅसिटोकार्मिन, त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळी येऊ द्यायची नाही, नुसती वाफ. मग मुळाचं टोक, दोन मिलिमीटरच, काचपट्टीवर घेऊन वर कव्हरस्लिप, वर टीपकागद आणि अंगठ्यानं सरळ दाब. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्या जाऊन सगळा चिखल. आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांकडं एक गंजकी सुई होती. ती ते कुणाला फेकू देत नसत. जॉन बेलिंग यांनी 1921 साली कार्मिनच्या रंगात लोहाचा अंश घातला की गुणसूत्रं गडद उठतात, हे दाखवून दिलं होतं. गंज म्हणजे लोहच! काकांना बेलिंग माहीत नव्हते, सुई माहीत होती.

आणि कार्मिन म्हणजे काय, तर निवडुंगावर बसणाऱ्या कोचिनील किड्याच्या वाळवलेल्या पुडीतून काढलेला रंग. आमच्यासारख्या कोरड्या मुलखाशी या किड्याच्या जातकुळीचं जुनं नातं आहे. कंपनी सरकारनं अठराव्या शतकाच्या अखेरीस लाल रंगाच्या धंद्यासाठी हा किडा हिंदुस्थानात आणवला. आला तो दुसऱ्याच जातीचा. हवा तसा रंग काही मिळाला नाही, त्यानं निवडुंग मात्र फस्त केला. पुढं विसाव्या शतकात याच गोत्रातला किडा दक्षिणेत फड्या निवडुंग मारण्यासाठी मुद्दाम सोडण्यात आला.

दवाखान्यातला रंग वेगळा. दक्षिण मेक्सिकोतल्या कँपेचे भागात होणाऱ्या एका झाडाच्या लाकडातून हिमॅटॉक्सिलिन निघतं. स्पॅनिश जहाजांतून ते युरोपात जायचं ते काळी कापडं रंगवायला. तुरटीबरोबर घेतलं की ते केंद्रकाला निळंजांभळं करतं, आणि इओसिन बाकीच्या पेशीला गुलाबी. 1870च्या दशकात ही जोडी जमली ती आजतागायत तुटलेली नाही. मिरजेच्या रिपोर्टातला ‘सहा’ हा आकडा याच निळ्यागुलाबी काचेवर मोजलेला.

आता मिरजेचं म्हणायचं तर विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 सालचं, आणि 1927 साली बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळ पंढरपूरकडून मिरजेला पोचल्यावर कवठ्याचे आजारी त्या गाडीनं मिरजेला जाऊ लागले. पण पेशींची मोजणी आपल्याकडं ज्या लोकांनी रुजवली ते पुण्यामुंबईत होते. त्यांतल्या एका बाईंची वाट तर थेट वनस्पतीतून माणसाकडं आली.

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917चा, पुण्याचा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. मुलीनं दोन्ही केलं नाही. फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी, 1939 साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 साली एम.एस्सी. विषय होता अॅनोनेसी कुळाचं पेशी-आनुवंशशास्त्र. अॅनोनेसी म्हणजे आपल्या सीताफळ-रामफळाचं, हिरव्या चाफ्याचं कुळ. त्या काळी गुणसूत्रं पाहायची म्हणजे कळ्या आणि मुळं गोळा करून, आम्लात मऊ करून, रंगात घालून भिंगाखाली धरायची. जे कांद्याचं तेच सीताफळाचं. सीताफळाच्या गुणसूत्रांवरून माणसाच्या कर्करोगावर येणं आज चमत्कारिक वाटेल. भिंगाखाली बसलेल्या माणसाला ते तसं वाटत नाही. विभागणारी पेशी कुणाची का असेना, धागे तसेच चिरतात.

मुंबईत परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं होतं. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर, लंडनला शिकलेले आणि आधी जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवणारे. हिंदुस्थानातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. नुसतं काचेवर पाहणं त्यांना पुरेसं वाटत नसे. त्या काचेमागचा माणूस कसा राहतो, हे ते विचारायचे. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षं जिथं घासते नेमक्या तिथं होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी 1945 साली ‘धोतर कॅन्सर’ म्हणून नोंदवला. त्यामागचा हिशेब विभाजनाचाच: घासलेली कातडी भरून यायला पेशी पुनःपुन्हा दुणावतात, आणि जिथं दुणावणं जास्त तिथं चूक व्हायची संधी जास्त.

खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी 1949 साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. त्यांनीच मग बाईंना परदेशी जायचा आग्रह केला. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा होती. तिथंच 1951 साली हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी काचेच्या नळीत वाढू लागल्या आणि आजही वाढताहेत. पेशी शरीराबाहेर जगवण्याची ती कला शिकून बाई परत आल्या आणि खानोलकरांनी उभारलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारी पोषकं बाहेरून मागवणं परवडत नसे, म्हणून ती सहकाऱ्यांबरोबर इथंच बनवायला घेतली. 1966 ते 1970 त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. 1982 साली पद्मभूषण मिळालं. मराठी वाचकाला त्या 2021च्या एका सकाळी गूगलच्या चित्रात दिसल्या आणि बऱ्याच जणांनी नाव पहिल्यांदा ऐकलं. आपली ही जुनी खोड.

संवर्धनामुळं मोजणीचा प्रश्न उलट अवघडच झाला. काचेत पेशी दिवसागणिक वाढताना दिसतात, पण ठरावीक क्षणी रंग दिला तर शंभरात धागे दाखवणाऱ्या मोजक्याच. मग बाकीच्या काय करत असतात? विश्रांती घेतात, असंच पाठ्यपुस्तकं सांगत. त्या अवस्थेला नावही ‘रेस्टिंग स्टेज’.

ती समजूत मोडायला दोन गोष्टी लागल्या. पहिली रॉबर्ट फॉयल्गन यांची, 1924 सालची. साठ अंशावरच्या सौम्य आम्लात पेशी थोडा वेळ धरायची आणि मग शिफच्या बिनरंगी द्रावात टाकायची. डीएनए असेल तिथंच किरमिजी रंग उमटतो, आणि जेवढं डीएनए तेवढाच. आम्लात वेळ कमी झाला तर रंग फिका, जास्त झाला तर डीएनएच वाहून जाऊन पुन्हा फिका. पण नीट साधला तर तो आकार दाखवत नाही, माप दाखवतो. गडदपणा मोजल्यावर लक्षात आलं की धागे दिसण्याच्या कितीतरी आधीच डीएनए दुप्पट झालेलं असतं.

दुसरी गोष्ट लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधली, आणि तीही मुळांचीच. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी शेंगभाजीच्या एका जातीची रोपं किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या पाण्यात वाढवली, मुळं फोटोच्या फिल्मला चिकटवली आणि कुठल्या पेशींनी नवं डीएनए बनवलं ते काळ्या ठिपक्यांवरून वाचलं. 1953च्या त्यांच्या निबंधात पेशीचा दिवस चार भागांत वाटलेला आहे: एक मोकळा काळ, मग डीएनए बनवण्याचा काळ, पुन्हा एक मोकळा काळ, आणि मग फ्लेमिंग यांचे धागे. त्या मुळात सगळं चक्र सुमारे तीस तासांचं, त्यात धागे दिसतात ते थोडेच तास. म्हणजे सत्तर वर्षं शास्त्रज्ञ शेवटचा अंक तेवढा पाहून टाळ्या वाजवत होते.

1957 साली ट्रिशियम लावलेलं थायमिडीन आलं. त्याचा किरण जेमतेम पेशीतल्या पेशीत विरतो, म्हणून ठिपका नेमका केंद्रकावरच पडतो. काम बिनचूक, पण काचपट्ट्या अंधारात आठवडे ठेवायच्या आणि किरणोत्सारी कचरा सांभाळायचा. हा प्रकार माणसाच्या रोजच्या तपासणीत येणं शक्यच नव्हतं. 1982 साली थायमिडीनच्या जागी घुसणाऱ्या ब्रोमोडीऑक्सियुरिडीनला ओळखणारी प्रतिपिंडं निघाली आणि किरणोत्सार सुटला. आम्लात डीएनए उघडायची कटकट मात्र फॉयल्गनसारखीच राहिली. ती 2008 साली ईडीयू नावाच्या रेणूनं सोडवली. हे सगळं मुख्यतः काचेतल्या पेशींसाठी आणि उंदरांसाठी. गाठ काढून झाल्यावर पेशींना थायमिडीन पाजायचं कसं?

आणि इथं कथा पुन्हा कीलला येते.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच विद्यापीठात योहानेस गेर्डेस आणि त्यांचे सहकारी हॉजकिन आजाराच्या पेशी ओळखणारं प्रतिपिंड शोधत होते. त्या पेशींची केंद्रकं उंदरांना टोचली, उंदरांच्या पेशींपासून प्रतिपिंड बनवणारे संकर केले आणि शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत वाढवले. सदुसष्टाव्या खळग्यातलं प्रतिपिंड निराळंच वागलं. ते हॉजकिनच्या पेशी ओळखत नव्हतं. विभाजनाच्या वाटेवर असलेली कुठलीही पेशी ओळखत होतं. 1983 साली निबंध छापला. कीलचं ‘की’, खळग्याचा 67. जे हवं होतं ते सापडलं नाही, हेच बरं झालं.

सुरुवातीला हे प्रतिपिंड फक्त गोठवलेल्या तुकड्यावर चाले. फॉर्मॅलीन आणि मेणातल्या तुकड्यावर ते आंधळं. 1990च्या सुमारास तुकडा मायक्रोवेव्हमध्ये तापवून झाकलेली प्रथिनं उघडी करायची युक्ती निघाली, 1992 साली मेणावर चालणारं एमआयबी-1 आलं, आणि की-67 जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचायला मोकळं झालं. काचेवर ते तपकिरी दिसतं. न रंगलेल्या पेशी मोजता याव्यात म्हणून मागं निळी पार्श्वभूमी लागते, आणि ती अजूनही कँपेचेच्या लाकडाचीच.

टपरीवर हे सगळं सांगायला वेळ नव्हता. समोर पंढरपूरची एसटी लागली होती. मी म्हटलं, "ते बघ. दाराच्या पायरीवर पाय ठेवलेली माणसं किती?" "चार-पाच." "तो तुझा सहा. आता आज गावाला जायचं म्हणून जे जे घरातून उठले, कोण पिशवी भरतंय, कोण रिक्षात, कोण इथं बाकावर, ते सगळे धर. तो तुझा तीस. थायमिडीनवाला फक्त पिशवी भरणारे मोजतो." तो बराच वेळ गाडीकडं बघत राहिला. "आणि जे घरात बाजंवर पडलेत?" "ते कुठल्याच रंगात येत नाहीत."

दृष्टांत बरा आहे, पण तो एक गोष्ट झाकतो. पायरीवरची माणसं मोजताना तुम्ही किती रुंद खिडकीतून बघता, यावरही आकडा ठरतो. ‘दहा क्षेत्रांत सहा’ यातलं क्षेत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारं वर्तुळ. एल्स्टन आणि एलिस यांनी 1991 साली नॉटिंगहॅमहून स्तनाच्या कर्करोगाची जी प्रतवारी दिली, तिच्यात तीन वेगवेगळ्या सूक्ष्मदर्शकांसाठी तीन वेगळे रकाने आहेत. वर्तुळाचा व्यास 0.44 मिलिमीटर असेल तर सहा विभाजनांना दोन गुण. तोच 0.59 असेल तर सहाला एकच. गाठ तीच, बाई तीच. शिवाय ऑपरेशननंतर तुकडा फॉर्मॅलीनमध्ये पडायला उशीर झाला तर धागे अंधुक होतात आणि मोजणी घटते. मेलेल्या पेशीचा काळा ठिपका नवख्याला विभाजन वाटतो, तो भाग निराळा.

की-67चं दुखणं दुसरं. रंग सोपा, हद्द अवघड. 2011 साली तज्ज्ञांच्या एका परिषदेनं 14 टक्के ही रेघ मारली, दोनच वर्षांत ती 20कडं सरकली. एकाच गाठीच्या काचा वेगवेगळ्या प्रयोगशाळांना देऊन पाहिलं तर मधले आकडे जुळेनात: कुणी सर्वांत तपकिरी कोपरा निवडून मोजी, कुणी सगळा तुकडा, कुणी फिकट पेशी धरी, कुणी सोडी. 2021 साली या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय गटानं सांगून टाकलं की पाच किंवा त्याखाली आणि तीस किंवा त्यावर भरवसा ठेवा, मधल्या आकड्यांवर उपचार ठरवू नका. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एका गोळीसाठी 20 टक्क्यांची अट घातली आणि 2023 साली काढून टाकली. मला विचाराल तर फ्लेमिंग यांचा धागा अजून जास्त विश्वासाचा, कारण तो एकतर असतो नाहीतर नसतो. फक्त मोजणाऱ्यानं आपली खिडकी मोजलेली असावी. मित्राच्या आईचा तीस बरोबर कुंपणावर बसलेला, आणि सहाला एक गुण की दोन, ते त्या खिडकीवर.

म्हणून पुढच्या फेरीला मीही त्याच्याबरोबर मिरजेला गेलो. प्रयोगशाळा छोटी, माणसं अगत्याची. तिथल्या मुलानं काच लावून दाखवली: निळ्या गर्दीत तपकिरी केंद्रकं, पिकायला लागलेल्या बोरांसारखी. मी विचारलं, "या सूक्ष्मदर्शकाच्या क्षेत्राचा व्यास किती ओ?" तो थांबला. रिपोर्टच्या छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता. मोजायची काचपट्टी आहे का, म्हटल्यावर त्यानं कपाटाचे खण धुंडाळले आणि सर्वांत खालच्या खणातून एक चपटी डबी काढली. मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली पट्टी होती ती. वरचं प्लास्टिक अजून तसंच, सील न तोडलेलं. मुलगा डबी हातात घेऊन सरांच्या केबिनकडं बघत उभा.

"फोडा की ओ," मित्र म्हणाला.